वापरणारा क्रमांक पाच

पौषात तूर वाळली की शेत वाजू लागते. वारा ओळींतून शिरतो, शेंगांतले दाणे आतल्या आत टरफलाला लागतात आणि सगळ्या वावरातून एक बारीक, कोरडी कुजबुज उठते. कोणीतरी आपल्याविषयी बोलत आहे आणि शब्द मात्र कळत नाहीत, असा तो आवाज असतो. आमच्या केज तालुक्यात इतरांना त्यावरून खळे आठवत असेल, हुरड्याची आमंत्रणे आठवत असतील. मला गेली तीन वर्षे एक प्राध्यापक आठवतात, आणि ते आठवले की माझा दिवस बिघडतो.

प्राध्यापक टिळेकर यांचा विषय मला प्रथम सांगण्यात आला तेव्हा मी तो तीन वेळा सांगायला लावला. त्याला एर्गोनॉमिक्स म्हणतात. माणसाचे शरीर आणि त्याच्या हातातली वस्तू यांचे एकमेकांशी जमते की नाही, हे तपासायचे. त्यालाच जोडून त्यांचा दुसरा विषय होता: माणसाचे आणि संगणकाचे जमते की नाही, हे पाहायचे. शहरातल्या एका सरकारी संस्थेत ते हे शिकवत. मी विचारले, "नाही जमले तर शिक्षा कोणाला?" ते हसले आणि त्यांनी वहीत काहीतरी लिहिले. विचारलेल्या प्रश्नाला उत्तर न देता वहीत लिहिणारा मनुष्य मला तेव्हाही पटला नव्हता, आजही पटत नाही.

माझी बाजूही नमूद करून ठेवतो. मी केजच्या दिवाणी न्यायालयात बेलीफ होतो. समन्स बजावणे, घेणारा सापडला नाही तर नोटीस दाराला चिकटवणे, जप्तीच्या वेळी पंचांसमक्ष वस्तूंची यादी करणे, यात माझी नोकरी गेली. मला लांबून पाहताच माणसे कडब्याच्या गंजीमागे जात. दारातून उत्तर येई, "मालक परळीला गेल्यात," आणि मालकाच्या चपला उंबऱ्यापाशीच असत. तीस वर्षे ज्याने चपला पाहून खरे-खोटे ठरवले, त्याने निवृत्तीनंतर एकदम भाबडे व्हावे, अशी अपेक्षा कोणी करू नये. निवृत्तीनंतर मी फक्त हत्यार बदलले. समन्सऐवजी पत्रे लिहू लागलो. रस्त्याबद्दल, विजेच्या खांबाबद्दल, बसथांब्यावर न थांबणाऱ्या बसबद्दल. प्रत्येक पत्रात एक जागा मी कधीही रिकामी सोडली नाही: दोषी कोण, त्याचे नाव.

टिळेकर आले त्या हंगामात खरेदी केंद्रावर तुरीची नोंदणी चालू होती. केंद्र कोणाचे ते इथे लिहीत नाही. संबंधितांना ठाऊक आहे. पद्धत साधी. रांगेत उभे राहायचे, खिडकीतून सातबारा आत सरकवायचा. आतली बाई संगणकावर नाव, गट क्रमांक आणि पीक भरते. पावती बाहेर येते. पुढे आपला दिवस लागला की ती पावती दाखवून माल काट्यावर घालायचा. पावतीवर जे पीक, तेवढेच केंद्र घेते. दुसरे पीक फाटकातून आत येत नाही.

आतली बाई म्हणजे नसीम. केजच्या मोटार दुरुस्त करणाऱ्या मिस्त्रींची लेक. नवरा गेल्यावर दोन मुलींना घेऊन माहेरी आली आणि संगणक शिकून या खिडकीमागे बसली. प्लास्टिकच्या खुर्चीवर पोत्याची घडी टाकून ती बसे, कारण मेज तिच्या मानाने उंच होते. हे मला तेव्हा दिसले नव्हते. पुढे टिळेकरांच्या वहीत वाचले.

ते कोपऱ्यात स्टुलावर बसून असत. गळ्यात शिंप्याची टेप, मांडीवर वही. दिवसभर कोणाला काही सांगत नसत, कोणाला मदतही करत नसत. अडलेल्याला नुसते बघत बसणारा हा मनुष्य कोण, म्हणून मी त्यांचे ओळखपत्र मागितले. त्यांनी दिले. त्यावरचा क्रमांक मी टिपून घेतला. ते म्हणाले, "छान. आता तुमच्याकडे माझी नोंद, माझ्याकडे तुमची."

"माझी नोंद कशासाठी?" मी म्हणालो.

"नाव घेत नाही मी. क्रमांक देतो."

एखाद्याला नाव न देता क्रमांक कुठे देतात, हे मी न्यायालयात राहून जाणत होतो.

मग त्यांनी उठून खिडकीची उंची मोजली. जमिनीपासून खिडकीच्या भोकापर्यंत टेप धरली आणि रांगेला विचारले, "या खिडकीसमोर प्रत्येक जण वाकतो. का वाकता?"

रांगेत माझ्या पुढे दगडू होता, आमच्या शेजारच्या वावराचा. तो म्हणाला, "कावून म्हंजे? भोक खाली हाय म्हनून! वर केलं तर वर बघून बोलू की, आमाला काय."

सगळे हसले. टिळेकर हसले नाहीत. त्यांनी दगडूचे वाक्य जसेच्या तसे उतरवून घेतले. दगडू माझ्याकडे वळून म्हणाला, "बेलीफ अन्ना, बघा की, माजी बी साक्ष झाली." मला त्या क्षणी खात्री पटली की हा मनुष्य केंद्रानेच बसवलेला आहे. कोण तक्रारखोर, कोण मोठ्याने बोलतो, कोण वाकत नाही, याची यादी होत आहे. मी त्या दिवशी मुद्दाम न वाकता, गुडघे दुमडून खिडकीशी बोललो. आता मला कळते की तेही त्यांनी मोजले असणार.

एक प्रसंग मात्र मी आजही हसल्याशिवाय आठवू शकत नाही, आणि त्याबद्दलही मला राग आहे. ते पहिल्यांदा आमच्या घरी आले तेव्हा फाटकाशी उभे राहून ते ढकलत राहिले. आमचे फाटक बाहेर उघडते. आमची सौभाग्यवती आतून ओरडली, "आवो, वढा! वढा त्येला!" ते आत आले आणि म्हणाले, "चूक फाटकाची आहे. बाहेर असा आडवा गज लावला की हाताला वाटते ढकलायचे."

"फाटक माझ्या वडिलांनी बसवले आहे," मी म्हणालो.

"वडिलांची चूक नाही म्हणालो मी. फाटकाची."

मी त्या वेळी आणि नंतरही यावर पुष्कळ विचार केला. कायद्याला एक माणूस लागतो. वस्तूवर समन्स बजावता येत नाही. मी एकदा एका म्हशीची जप्ती केली होती, तिने मला दोन शेते पळवलेही. पण दाव्यात प्रतिवादी म्हणून म्हशीचे नाव नव्हते. फाटक चुकले, खिडकी चुकली, मेज चुकले, असे म्हणत गेलो तर जगातला एकही मनुष्य दोषी उरणार नाही. असे झाले तर सर्वांत जास्त आनंद कोणाला होईल? दोषी माणसांना. असा सिद्धांत घेऊन जो गावोगाव हिंडतो, तो कोणासाठी हिंडतो, हा प्रश्न मी विचारला तर त्यात माझे काय चुकले?

असो. माझा दिवस लागला. तूर पोत्यांत भरून आम्ही फाटकाशी गेलो. थंडी होती, बैलांच्या नाकातून वाफ निघत होती, हमालांनी तुराट्यांची शेकोटी केली होती. फाटकावरच्याने पावती पाहिली आणि परत केली. "हरभरा लिवलाय, अन्ना. तूर न्हाई घेता यायची."

मी खिशातून चष्मा काढून लावला आणि पावती वाचली. नाव माझे. गट क्रमांक माझा. पीक: हरभरा.

रांगेतल्या माणसांनी माझ्याकडे पाहिले त्या पाहण्यात दया नव्हती, मौज होती. साऱ्या तालुक्याच्या पावत्या तपासून पाहायला सांगणारा मनुष्य स्वतःची पावती खिशात घालून दहा दिवस फिरला होता. दगडू म्हणाला, "आता तुमालाच समन्स आलं की ओ!" पोती परत गाडीत चढवली गेली. मी तिथल्या तिथे, गाडीच्या चाकावर कागद ठेवून, तक्रार लिहिली. ती माझ्या आयुष्यातली सर्वांत लहान तक्रार असेल. तिच्यात असे एक वाक्य होते: "सदर महिला कर्मचाऱ्याने हेतुपुरस्सर माझ्या पिकाची खोटी नोंद केली आहे."

हेतुपुरस्सर. हा शब्द मी हजारो कागदांवर पाहिलेला आहे. तो लिहायला हात थांबत नाही. सहीसारखा तो आपोआप येतो.

पावती घेऊन खिडकीशी गेलो तेव्हा नसीम म्हणाली होती, "अन्ना, मी तूरच निवडली व्हती. कसम घेऊन सांगते." आणि असे म्हणताना तिने आपल्या उजव्या हाताची बोटे उलटसुलट करून पाहिली, जणू त्यांनीच काही केले असावे. मी ते कबुलीसारखे धरले. अपराधी माणूस हात पाहतो, असा माझा अनुभव होता.

चौथ्या दिवशी तिला काढून टाकण्यात आले. चौकशी होईपर्यंत, असे आदेशात म्हटले होते. चौकशी आजतागायत झालेली नाही. आठव्या दिवशी त्या खुर्चीवर केंद्रचालकाची भाची बसलेली होती. तेव्हा मला प्रथम शंका आली की माझ्या कागदाची कोणीतरी वाटच पाहत होते. पण त्या शंकेचा तपास मी केला नाही.

तिला काढल्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी टिळेकर पुन्हा आमच्या फाटकाशी आले. या वेळी त्यांनी ते ओढले. बगलेत संगणक होता. ओसरीवर बसून ते म्हणाले, "बेलीफसाहेब, एक काम करून दाखवाल? केंद्रातलाच फॉर्म यावर घेतला आहे. तुम्ही तुमची नोंद करा. फक्त करताना मनात जे जे येईल ते मोठ्याने बोलत राहा."

"म्हणजे?"

"म्हणजे, 'आता मी नाव लिहितोय, आता इथे अडलो, हे अक्षर बारीक आहे', असे. मी मध्ये बोलणार नाही. परीक्षा तुमची नाही, फॉर्मची आहे."

मी ताठ बसलो. "मी स्वतःविरुद्ध साक्ष देण्यास बांधील नाही."

आतून सौभाग्यवती तुरीच्या उकडलेल्या शेंगांचे ताट घेऊन येत होती. ती म्हणाली, "आवो, मनातलं बोला म्हनतेत. कबुली द्या न्हाई म्हनले. आन तसंबी तुमच्या मनातलं सगळ्या तालुक्याला पोस्टानं जातंच की!"

टिळेकर शेंगा सोलत बसले. त्यांची खायची एक तऱ्हा होती: दाणे काढून आधी टरफलात ओळीने मांडायचे आणि मग एकेक खायचे. मिठाचे पाणी त्यांच्या वहीवर गळत होते. मी ठरवले की नोंद करीन, पण तोंड उघडणार नाही. तोंड मिटून मी नाव भरले. गट क्रमांक भरला. पीक या शब्दापुढे यादी उघडली: मूग, उडीद, तूर, हरभरा, सोयाबीन. मी तूर निवडली. तूर निवडली हे मी डोळ्यांनी पाहिले. मग खाली जायचे होते, म्हणून हातातल्या माउसचे चाक फिरवले, पान खाली सरकले, 'जतन करा' दिसले, ते दाबले.

पडद्यावर पावती आली. पीक: हरभरा.

मी टिळेकरांकडे पाहिले. "तुम्ही काय केलेत?"

"माझ्या दोन्ही हातांत शेंगा आहेत," ते म्हणाले.

मी पुन्हा केले. पुन्हा हरभरा. तिसऱ्यांदा त्यांनी बोट ठेवून दाखवले. यादीतून पीक निवडल्यावर निवड तिथेच धरलेली राहते. आपण पान खाली नेण्यासाठी चाक फिरवतो, पण पहिला खटका पानाला लागत नाही, यादीला लागतो. तूर एक घर खाली सरकते आणि हरभरा होते. मग पान हलते, यादी वर निघून जाते, आणि काय झाले ते कोणाला दिसत नाही. जी बाई दिवसाला शेकडो वेळा हे करते, तिला तर मुळीच दिसत नाही. जो सावकाश करतो, मध्ये दुसरीकडे कुठेतरी दाबतो, त्याचे बरोबर येते. रांग जशी लांब, तशा चुका जास्त.

ते म्हणाले, "तुमच्या तक्रारीत एक शब्द आहे. हेतुपुरस्सर. तो हेतू तुम्हाला कुठे दिसला?"

मी ताटातली एक शेंग उचलली आणि परत ठेवली.

"नसीमबाईंची नोकरी त्या एका शब्दावर गेली. बाकीची तक्रार खरी आहे. पावती चुकलेली आहे. फक्त तो शब्द मागे घ्या आणि आत्ता तुमच्या हातून काय झाले तेवढे लिहून द्या. मी माझा अहवाल जोडतो. दोन कागद झाले तर त्यांना तिला परत घ्यावे लागेल."

त्या क्षणाचे मी प्रामाणिक वर्णन करतो. एक क्षण मला ते पटले. दुसऱ्या क्षणी माझ्या मनात तीस वर्षांच्या चपला उभ्या राहिल्या. फॉर्म यांच्याच संगणकावर. रचना यांच्याच हातची. निकाल यांना हवा तसा. मी जी चूक केली ती माझ्याकडून करवून घेतली गेली नाही, याला पुरावा काय? आणि लेखी दिले की तो कागद कोणाकडे जाईल? ज्याने पंचांसमक्ष न पाहता एक चमचाही यादीत लिहिला नाही, त्याने एका दुपारी शेंगा खाता खाता जबाब द्यावा?

"तुम्हाला तिने पाठवले, की केंद्राने?" मी विचारले.

त्यांनी संगणक मिटला. ताटातली टरफले गोळा करून एका बाजूला लावली. त्यांचा चेहरा पडला होता असे सौभाग्यवती म्हणते; मी पाहिले नाही. मी त्या वेळी मनात पत्राचा मायना जुळवत होतो.

ते पत्र त्यांच्या संस्थेच्या संचालकांना गेले. आपले कर्मचारी ग्रामीण नागरिकांकडून खोट्या यंत्राद्वारे जबाब मिळवत आहेत, असा त्याचा मजकूर. प्रत केंद्रचालकांना. केंद्रचालकांनी तीच संधी साधून त्यांना केंद्रात बसण्याची परवानगी नाकारली. त्यांचा अहवाल निघाला की नाही ते मला माहीत नाही. केंद्रावर तर आला नाही.

ते गेले त्या सकाळी मी केजला जीपच्या अड्ड्यावर होतो. निव्वळ योगायोगाने होतो, असे मी आजवर सांगत आलो आहे. परळीला जाणारी जीप भरायची होती. तिथून ते रेल्वेने जाणार होते. टेप गळ्यातच राहून गेली होती. मला पाहून ते खाली उतरले. मला वाटले आता भांडण होईल, आणि खरे सांगतो, भांडण झाले असते तर मी त्यांना ओळखू शकलो असतो. भांडताना मनुष्य उघडा पडतो.

ते म्हणाले, "तुमचे लिहायचे डेस्क फार खाली आहे. मान दुखत असेल. खाली दोन विटा ठेवा."

"अजून काही?"

"दोनच. तीन नकोत, खांदा धरेल."

जीप गेली. धूळ बसेपर्यंत मी तिथेच उभा होतो. ज्या माणसाविरुद्ध मी पत्र लिहिले, तो जाताना माझ्या मानेविषयी बोलतो, यात काय डाव असेल ते मी पुष्कळ दिवस शोधले. सापडला नाही. सापडला नाही म्हणजे तो नव्हता असे सिद्ध होत नाही, एवढेच मी म्हणेन.

पुढच्या वर्षी पौषात शेते वाजू लागली आणि मला राहवेना. त्या वहीत माझ्याविषयी काय आहे? माहितीच्या अधिकारात मी टिळेकरांच्या संस्थेकडे अर्ज केला: माझ्यासंबंधीच्या सर्व टिपणांच्या प्रती मिळाव्यात. नियमात बसवून ते सहज नाकारू शकले असते. त्यांनी नाकारले नाही. दोन पानांच्या छायाप्रती आल्या. मिठाच्या पाण्याचा डागसुद्धा छापून आला होता. नावे कुठेच नव्हती. वापरणारा एक, वापरणारा दोन, असे पाचपर्यंत. पाचवा मी, हे मला गुडघे दुमडण्यावरून कळले. "खिडकीशी वाकत नाही. गुडघ्यांवर भार घेतो. सत्तरीच्या आसपास. त्रास होत असणार." पुढे, "चष्मा खिशात. वाचल्यासारखे करतो." हे वाचून मी कागद मेजावर आपटला. खाली आणखी एक टीप होती.

"चूक दिसली की एक ते चार आधी स्वतःच्या बोटांकडे पाहतात. आपलेच काही चुकले असे धरून चालतात. नोंदणी करणाऱ्या बाईही तसेच करतात. पाच आधी समोरच्या माणसाकडे पाहतो. फॉर्मकडे पहिल्यांदा कोणीच पाहत नाही."

मी त्यावर टिळेकरांना स्मरणपत्रे पाठवली. मूळ वही पाहण्यास मिळावी. 'आधी' आणि 'नंतर' यांतले अंतर कसे मोजले, याचा खुलासा व्हावा. पहिल्या पत्राला उत्तर नाही. दुसऱ्याला नाही. तिसरे मी रजिस्टर पोस्टाने, थेट त्यांच्या घरच्या पत्त्यावर पाठवले. ते परत आले. पाकिटाच्या पाठीवर, निळ्या शाईत, तिरक्या अक्षरात पोस्टमनचा शेरा होता: घेणार मयत, सबब परत.

असा शेरा मी स्वतः किती वेळा लिहिला असेन. दारात उभे राहून, घरातल्यांची तोंडे न पाहता, समन्सच्या पाठीवर. तो शेरा आपल्या नावाने परत आल्यावर कसा दिसतो, हे मला त्या दिवशी समजले. आत माझे पत्र होते. "आपण उत्तर देण्याचे हेतुपुरस्सर टाळत आहात," असे त्यात दुसऱ्याच ओळीत होते.

त्या दुपारी मी मागच्या अंगणातून दोन विटा आणल्या आणि डेस्कखाली ठेवल्या. महिन्याभरात मान दुखायची थांबली. ही गोष्ट मी कोणालाही लेखी कळवलेली नाही.

यंदा तूर बरी आहे. गेल्या आठवड्यात खळ्यावरून परत आलो तर उंबऱ्यापाशी बाईच्या चपला होत्या. एका चपलेचा अंगठा तारेने बांधलेला. मी त्या पाहून सवयीने अंदाज बांधत होतो, तेवढ्यात आतून आवाज आला, "अन्ना, मी हाय. नसीम."

सौभाग्यवतीने तिला ओसरीवर बसवले होते, पण ती पाटाच्या अगदी कडेला होती. केस कानाशी पांढरे झालेले. गेली तीन वर्षे ती शिलाई करते आहे हे मला माहीत होते. मी तिच्या गल्लीवरून जाणे टाळत होतो, हेही मला माहीत होते.

"दुसऱ्या केंद्रावर जागा निघालीय," ती म्हणाली. "कागद समदे बरोबर हायेत. पन ते म्हनतेत, माज्या नावावर तक्रार पडून हाय. ज्यानं केली त्येनं लिवून दिलं तर घेतो. परवा शेवटचा दिवस हाय."

माझ्या मनात पहिला प्रश्न कोणता आला असेल, ते वाचकांनी ओळखले असेल. हिला कोणी पाठवले? तो मी गिळला. दुसरा गिळता आला नाही. "तीन वर्षांत एकदाही आली नाहीस."

तिने माझ्याकडे सरळ पाहिले. "कावून येऊ? तुमी तर घरपोच देनारे मानूस. मला वाटलं, तुमीच येताल."

सौभाग्यवती चहा गाळता गाळता थांबली. ती काही म्हणत नाही तेव्हा घर फार मोठे वाटते.

मी डेस्कपाशी बसलो. कोरा कागद घेतला. एरवी मी पत्र मनात पूर्ण जुळवून मगच लेखणी उचलतो, म्हणजे लिहिताना हात कुठे अडला ते कोणाला कळत नाही. त्या दिवशी मनात काहीच जुळेना. मी म्हणालो, "नसीम, मी लिहिताना मोठ्याने बोलणार आहे. तू मध्ये बोलू नकोस. मदतही करू नकोस."

"टिळेकर सरांवानी?" तिने विचारले.

तिलाही बोलायला लावले होते तर. मला हे सुचलेही नव्हते. त्या स्टुलावरच्या माणसाने तिला काय विचारले असेल, ती काय बोलली असेल, तिच्या क्रमांकापुढे काय लिहिले असेल; ही माहिती मागवण्याची इच्छा माझ्या मनात एकदम उठली, आणि तीही मी गिळली.

चष्मा खिशातून काढून लावला. "आता मी 'प्रति' लिहितो आहे," मी म्हणालो. आवाज मला परक्यासारखा वाटला. "आता विषय. तीन वर्षांपूर्वीच्या माझ्या तक्रारीबाबत. इथे मी अडलो. इथे मी नेहमी दोषी व्यक्तीचे नाव लिहितो. आज कोणाचे लिहू ते मला कळत नाही. तुझे लिहिता येत नाही. केंद्रचालकाचे लिहावेसे वाटते. त्याने माझा कागद वापरून आपली माणसे बसवली. ते खरे आहे, पण ते वेगळ्या कागदावर लिहीन. यादीचे लिहितो. पीक निवडण्याची यादी, चाक फिरवले की सरकते. माझ्या हातूनही सरकली, एकदा नाही, दोनदा, माझ्याच ओसरीवर. हे मला तीन वर्षांपासून ठाऊक आहे. हे ठाऊक असून मी लिहिले नाही, हेही लिहितो."

बाहेर वारा सुटला होता. खळ्यावर राहिलेल्या शेंगा वाजत होत्या. नसीम पाटाच्या कडेला तशीच होती. तिची बोटे पदराच्या काठावर घट्ट होती.

मी तारीख घातली. घालताना साल गेल्या वर्षीचे पडले. पौषात होते असे, जुने साल हाताला चिकटून असते. "साल चुकले," मी मोठ्याने म्हणालो. आणि मान वर न करता माझ्या बोटांकडे पाहिले. जाड झालेली, शाई लागलेली बोटे. मग कागदाकडे पाहिले.

चुकलेले साल एका रेघेने खोडले, नवीन लिहिले, खोडल्याच्या बाजूला रिवाजाप्रमाणे आद्याक्षरे घातली. शेवटची ओळ राहिली होती. ती मी आधी बोललो आणि मग लिहिली: "हेतुपुरस्सर हा शब्द माझा होता. तो मी परत घेतो."

सही करून मी कागद तिच्या हातात दिला नाही. पाकिटात घातला, नोकरीतल्या सवयीने छत्री घेतली, आणि चपला घालताना तिला म्हणालो, "चल. कुठे द्यायचा आहे ते दाखव. मीच बजावतो."